थोरल्यांची कात आणि दोस्सी आत्याबाई

आमच्या घरात अजगराला अजगर म्हणत नाहीत, थोरले म्हणतात. माझ्या नवऱ्याच्या, पास्कालच्या, आत्याबाईंच्या खोलीत कोपऱ्यात एक पालथं मडकं आहे, त्याच्या फुटक्या तोंडातून थोरले ये-जा करतात. लांबी माझ्या हाताएवढी, स्वभाव आत्याबाईंपेक्षा गरीब. भ्यायले की डोकं पोटात खुपसून चेंडूसारखे होतात. आत्याबाई कधीच भ्यायल्या नाहीत.

दोस्सी आत्याबाईंचं वय कुणालाच ठाऊक नाही. त्यांना विचारलं तर म्हणतात, "तुझ्या सासऱ्याला मी कडेवर घेतलं होतं, आता तूच कर हिशेब." घराण्याच्या पूजाविधीचा मान थोरल्या आत्याकडे जातो, तसा तो त्यांच्याकडे आला, तेव्हापासून उइदा गावातल्या आमच्या अंगणात त्यांच्या शब्दाबाहेर लग्न झालं नाही, बारसं झालं नाही आणि विहिरीला नवा दोरसुद्धा लागला नाही. शब्द त्यांचा, पण त्या म्हणतात थोरल्यांचा. थोरल्यांनी कात एकसंध टाकली की घर खूश. तुकड्यांत टाकली की कुणाच्या तरी पोटात पाप आहे. गेल्या वर्षी हरमतानच्या, म्हणजे वाळवंटी वाऱ्याच्या, दिवसांत कातीचे सात तुकडे निघाले, तेव्हा आत्याबाईंनी घरातल्या सात माणसांना ओळीनं बसवून कबुली द्यायला लावली. सातवी मी होते. मी म्हटलं, "आत्याबाई, माझी कबुली शनिवारी फादरकडे होते." तर म्हणाल्या, "मग आज उजळणी कर."

थोरल्यांची खोली झाडायचं काम घरातल्या सुनेचं. मी चर्चमधल्या सकाळच्या मिस्सेहून आले की आधी पदर खोचून तिथला केर काढते, मडक्याजवळची पाण्याची थाळी भरते. सुरुवातीला मनाला टोचायचं म्हणून मी फादरना विचारलं. ते म्हणाले, "फिलोमेन, केर काढणं म्हणजे पूजा नव्हे." माझा जीव भांड्यात पडला, घरी आले आणि तसंच वहीत लिहिलं.

ही वही लग्नापासूनची सवय. रोज दुपारी मक्याच्या पिठाचा अकासा पानांत गुंडाळून झाला की मी चार ओळी लिहिते: कोणत्या संताचा दिवस, मिस्सेला कोण नव्हतं, मासळी मिळाली का, आणि थोरल्यांनी काय केलं. थोरल्यांचं लिहायचं कारण साधं. आत्याबाई रोज विचारायच्या, "पाणी प्यायले का? पिल्लू खाल्लं का?" आणि मी विसरले की माझ्या माहेरचा उद्धार व्हायचा.

हुएफा माझी एकुलती एक मुलगी. तिला तळ्यापलीकडच्या बिदोसेसीनं मागणी घातली. मुलगा लिब्रव्हिलला बंदरावर काम करतो, महिन्याच्या रजेवर आला होता. मुलगी त्याच्यावर आणि तो तिच्यावर इतके खूश, की दोघं एकमेकांसमोर बोलायचे बंद झाले होते. त्याचा काका साग्बो शनिवारी सगळं सामान घेऊन दारात आला: कापडाचे गठ्ठे, चघळायच्या कोलाच्या बिया, माडाची दारू, आणि चालीप्रमाणे जावयाच्या हातून थोरल्यांना द्यायचं एक कोंबडीचं पिल्लू. थोरल्यांनी ते खाल्लं की होकार.

थोरल्यांनी मान फिरवली.

बिदोसेसीनं पिल्लू जवळ सरकवलं. थोरले चेंडू झाले. पिल्लू त्यांच्या पाठीवर चढून उभं राहिलं. कुणीतरी हसलं, आणि हसणं आत्याबाईंच्या नजरेनं घशातच अडकलं.

"घेऊन जा ते सामान," आत्याबाई म्हणाल्या. "थोरले नाही म्हणाले."

"आई, पिल्लू जरा लहान असेल," साग्बो काका काकुळतीला आले.

"पिल्लू लहान नाही, तुझा पुतण्या लहान आहे. आम्ही माणसं दारूनं पटतो, थोरले पटत नाहीत."

दारू मात्र परत गेली नाही. थोरल्यांचं तिच्याविरुद्ध काही म्हणणं नव्हतं. साग्बो काका निघताना पास्कालला म्हणाले, "मुलगा बुधवारी नाही, पुढच्या बुधवारी विमानानं जातोय. त्याआधी होकार आला तर आला. नाहीतर त्याच्या आईनं दुसरी मुलगी बघून ठेवलीय." हुएफा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. दुपारी तिनं मासळीही खाल्ली नाही. घरात आता दोघं उपाशी होते.

रविवारी मिस्सेहून आल्यावर मी खोली झाडत होते. थोरल्यांनी डोकं बाहेर काढलं. डोळे दुधासारखे निळसर, जणू आत कुणी पातळ पेज ओतलीय. अंगाचा रंग मळकट, पोटाखाली गुलाबी झाक. शुक्रवारपासून असंच होतं, पण त्याआधीही हे मी कधीतरी पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणजे लिहिलंही असणार. मी वही काढली आणि मागची पानं उलटायला लागले. जपमाळेचे मणी ओढावेत तसं एकेक पान ओढत गेले, आणि शेवटी वही छातीशी धरून आत्याबाईंसमोर जाऊन बसले.

"आत्याबाई, एक वाचून दाखवू?"

"प्रार्थना असेल तर नको, माझं डोकं दुखतंय."

"थोरल्यांचं आहे." मी वाचायला लागले. "मार्च, संत जोसेफचा सण. डोळे दुधाळ, आत्याबाईंनी दिलेलं पिल्लू घेतलं नाही. अकराव्या दिवशी कात. दुसऱ्या दिवशी पिल्लू खाल्लं. जून. डोळे दुधाळ, आत्याबाईंनी दिलेलं पिल्लू घेतलं नाही. सहाव्या दिवशी डोळे काचेसारखे, मग पाच दिवसांनी कात, मग खाल्लं. ऑगस्ट, तसंच. ऑक्टोबर, तसंच. आताही शुक्रवारपासून डोळे दुधाळ आहेत, मी लिहून ठेवलंय. बिचारा मुलगा शनिवारी आला."

"मग?"

"मग पिल्लू न खाणं म्हणजे नकार असेल, तर थोरल्यांनी तुम्हालाही चारदा नाकारलंय, आत्याबाई."

अंगणात कुठेतरी शेळी ओरडली. आत्याबाईंनी कोलाचा तुकडा गालात इकडून तिकडे केला.

"ही वही कुणाकुणाला दाखवलीस?"

"अजून कुणालाच नाही."

"अजून," आत्याबाई म्हणाल्या. "सून बघावी तर गरीब, मुकाट जपमाळ ओढणारी. पास्कालला म्हटलं होतं मी, चर्चमधली मुलगी आणू नकोस, त्यांना लिहिता येतं." मग उठून मडक्यात डोकावल्या. "आता कात कधी?"

"सोमवारी. उद्याच्या नाही, पुढच्या."

"आणि तुकडे पडले तर? हा वारा बघ, माझ्या ओठांची कात निघतेय."

तेही वहीत होतं. पावसाळ्यात कात मोज्यासारखी सबंध निघते. हरमतानात हवा कोरडी, म्हणून लक्तरं होतात. गेल्या वर्षी आत्याबाईंनी मऊ पडावी म्हणून थोरल्यांना ताडाचं लाल तेल चोळलं होतं, त्यानं ती अधिकच चिकटली आणि सात माणसांची कबुली झाली. हे शेवटचं मी मोठ्यानं वाचलं नाही. फक्त म्हटलं, "मडक्याभोवती ओलं गोणपाट ठेवूया. आणि यंदा तेल नको."

त्याच संध्याकाळी आत्याबाईंनी तळ्यापलीकडे निरोप धाडला: थोरल्यांनी नकार दिलेला नाही. जुन्या कपड्यांत जावई स्वीकारणं त्यांना बरं वाटेना, म्हणून ते उपासाला बसलेत. पुढच्या मंगळवारी या.

मी सोमवारपासून नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, धरली. नववा दिवस बरोबर त्या मंगळवारी येत होता. रोज सकाळी मी मेणबत्ती लावायची आणि आल्यावर गोणपाट भिजवायची. आत्याबाई रोज दाराशी पाणी आणि पीठ वाहायच्या आणि मला विचारायच्या, "डोळे?" बुधवारी डोळे निवळले. त्या दिवशी त्यांनी अंगणात सगळ्यांना सांगून टाकलं की थोरले आता घरादाराकडे स्वच्छ नजरेनं बघताहेत. हुएफा त्या दिवसापासून भात खायला लागली.

रविवारी वाऱ्यानं कहर केला. कपडे दोरीवर लाकडासारखे वाळले. मी मिस्सेत अर्धा वेळ देवाकडे आणि अर्धा वेळ गोणपाटाकडे लक्ष ठेवून होते, देव मला माफ करो. घरी आले तर आत्याबाई मडक्यापाशी बसून स्वतःच्या पिण्याच्या तांब्यातलं पाणी गोणपाटावर शिंपडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "हा विधी आहे. तुला कळायचं नाही."

सोमवारी सकाळी कात निघाली. ओठापासून शेपटाच्या टोकापर्यंत एकसंध, उलटी झालेली, डोळ्यांवरच्या दोन्ही टिकल्यांसकट. मी त्या टिकल्या उजेडात धरून दोनदा मोजल्या.

मंगळवारी बिदोसेसीनं पिल्लू पुढे केलं. थोरले नव्या रंगात चकाकत होते. त्यांनी जीभ बाहेर काढली, आत घेतली. हुएफा दाराआड माझा दंड इतका घट्ट धरून होती की तिची नखं उमटली. मग एक झेप, तीन वेटोळी, आणि पिल्लू दिसेनासं व्हायला लागलं. बायकांनी किलकारी दिली. बिदोसेसीनं पहिल्यांदाच सगळ्यांसमोर हुएफाला नावानं हाक मारली.

"मी सांगितलंच होतं," आत्याबाई साग्बो काकांना म्हणाल्या.

संध्याकाळी फादर आले, त्यांनी नोव्हेनेला श्रेय दिलं. पास्कालनं आत्याबाईंना श्रेय दिलं. गोणपाट कुणाच्या लक्षात नव्हतं. ते मी धुऊन वाळत घातलं.

मी वही उघडून बसले होते, तेवढ्यात आत्याबाई शेजारी येऊन टेकल्या. त्यांना वाचता येत नाही, पण पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "काय लिहिलंस?"

"कात सोमवारी. पिल्लू मंगळवारी खाल्लं."

"आणि?"

"आणि हुएफाचं ठरलं."

"आणि?"

मी पेन उचललं. "आणि आत्याबाईंनी आधीच सांगितलं होतं."

"हां. असं नीट लिहीत जा," आत्याबाई म्हणाल्या, आणि आवाज खाली आणून विचारलं, "पुढची कात कधी म्हणतेस? शेजारच्या मुलीची मागणी फेब्रुवारीत आहे. त्यांना तारीख द्यायचीय मला."