चौदा हात उंच घोडी आणि एक साखळी

मामांचा फोन आला तेव्हा मी कैरीचं लोणचं घालत होते. म्हैसूरचे हे मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ, वय अठ्ठ्याहत्तर. कृष्णराजनगरचं शेत विकलंय, महिनाअखेरीला नोंदणी आहे, त्याआधी गंगीचा दगड सापडायलाच हवा, असं म्हणाले. ‘पुट्टी, तू मोजणीवाली. टेप घेऊन ये.’ पुट्टी म्हणजे चिमुरडी. बावन्न वर्षांच्या या पुट्टीने हात धुतले आणि तिकीट काढलं.

आता गंगी कोण ते सांगते. मामांचे आजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात स्वार होते आणि गंगी ही त्यांची घोडी. ती गेल्यावर त्यांनी तिला शेतात पुरलं, वर दगड बसवला आणि वहीत दोन ओळी लिहिल्या: ‘गंगी घोडी, उंची चौदा हात. दगड विहिरीपासून उगवतीला नव्याण्णव हात.’ झालं! हात म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, दीड फूट. चौदा हात म्हणजे एकवीस फूट. एवढा तर हत्तीही नसतो. तेव्हापासून आजोबा सगळ्या कुळात थापाडे ठरले, आणि त्यांची बाजू घेऊन भांडणाऱ्या मामांचं नावच ‘चौदा हात’ पडलं. लग्नकार्यात मामा दारात दिसले की कोणीतरी म्हणणारच, आले बघा चौदा हात. खोटं कशाला बोलू, मीही म्हटलंय.

मिरजेहून म्हैसूरला थेट गाडी आहे, स्लीपरचं तिकीट पाचशेच्या आत. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्या, रात्र मजेत जाते. स्टेशनवरून मामांच्या घरी बोगादीला रिक्षावाला दोनशे म्हणाला, दीडशेवर आला. मामींनी दारातच फिल्टर कॉफी हातात दिली. मामा मात्र कॉफीलाही थांबेनात, वही घेऊनच बसले. गेल्या वर्षी त्यांनी विहिरीपासून दीडशे फुटांवर भाताच्या खाचरात खणून घेतलं होतं. काही मिळालं नाही, उलट भाऊबंदांना हसायला नवं निमित्त मिळालं.

‘सुम्ने, उगीच नाही लिहीत ग माणूस असं,’ मामा म्हणाले. ‘एकदा खोटं धरलं की सगळंच खोटं. मी मेल्यावर, गोत्ता, कळलं ना, मलाही तेच म्हणतील.’ मी कप खाली ठेवला आणि वही पुढे ओढली.

दुसऱ्या दिवशी मामांना जरा मोकळं वाटावं म्हणून राजवाड्याकडे नेलं. पोटभर मसाला डोसा झाल्यावर मी टांग्याचा हट्ट धरला. तीनशे सांगितले, दोनशेत पटलं. टांगेवाले चाचा गप्पिष्ट होते. मी घोडीचं कौतुक केलं तर म्हणाले, तेरा हाताची आहे, अस्सल. मला हसूच फुटलं. मी म्हटलं, चाचा, आमच्या घरी चौदा हातांची होती. तर ते अजिबात हसले नाहीत. अच्छी थी, म्हणाले, आणि टांगा थांबवून खाली उतरले. घोडीच्या पुढच्या पायाशी त्यांनी पंजा आडवा धरला, त्यावर दुसरा, त्यावर परत पहिला, असं करत खांद्यापर्यंत गेले. घोडेवाल्यांचा हात म्हणजे आडवा पंजा. चार इंच.

अहो, चार इंच! मी टांग्यातच बोटं मोजायला लागले. चौदा चोक छप्पन. चार फूट आठ इंच. चांगली अंगापिंडाची घोडी! मग नव्याण्णव चोक तीनशे शहाण्णव, भागिले बारा, तेहतीस. तेहतीस फूट! मोजणी खात्यात पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला तेहतीस फूट म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. ती आमची जुनी साखळी, सोळा आण्यांची. अशी एक साखळी लांब, एक साखळी रुंद, की झाला एक गुंठा. त्या काळी कोणा मोजणीदाराने विहिरीपासून साखळी टाकली असणार, आणि आजोबांनी ती आपल्या घोड्याच्या मापात लिहून ठेवली. नाहीतर नव्याण्णव असा अडनिडा आकडा कोण लिहितो? मामांना हे सांगताना माझा आवाज चिरकत होता.

तिसऱ्या दिवशी पहिली बस. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट, पण आधार कार्ड इथलं लागतं. मामी ऐटीत फुकट बसल्या, मी सांगलीची म्हणून तिकीट काढलं. शहर सरलं की दोन्ही बाजूंना भातच भात, मध्येच कावेरीचं पाणी चमकतं. डोळे निवतात. मामा मात्र खिडकीबाहेर बघतही नव्हते.

विहिरीच्या काठाला मामांनी टेपचं टोक धरलं, मी उगवतीकडे चालत गेले. पंचवीस, तीस, तेहतीस. माझी टाच पंपाच्या खोलीच्या पायरीवर. खोली बांधणाऱ्यांना तिथे पायरीला आयता दगड मिळाला, म्हणून त्यांनी दारच त्याच्यासमोर काढलं होतं. तिथं मामांनी स्वतः हजारदा चिखलाचे पाय खरवडले होते. शेत कसणाऱ्या बाईंनी पंप सुरू केला, मी पदर खोचून दगड घासला. मातीखालून एक वाकडी रेघ निघाली, मग पुढची. घोड्याची नाल.

मामा खाली बसले आणि रडले. मीही रडले, माफीही मागितली. मग मामा उठल्यावर मी टेप उभी धरून छप्पन इंचांवर बोट ठेवलं. ते मामांच्या खांद्याशी आलं.

‘एवढीच होती?’ मामा म्हणाले. ‘आजोबा खरंच बोलले की ग.’

परतीला दोन किलो मैसूर पाक आणला, तो आठवड्यात संपला. राजवाड्याचे फोटोही अजून नीट पाहिलेले नाहीत. पण भाजी निवडताना, बसमध्ये दांडी धरताना माझा पंजा मला आता वेगळा दिसतो.

परवा मामींचा फोन आला. दगड बोगादीला अंगणात बसवलाय. एका बारशाला मामा गेले, तर दारातच कोणीतरी सवयीने म्हणालं, आले चौदा हात. मामा एरवी तिथूनच परत फिरले असते. या वेळी त्यांनी खांद्याशी हात आडवा धरला आणि म्हणाले, ‘हौदू, हो. इथवर.’