नारळ घेतलेलं कॉलेज

आमच्या गावातून कुणाच्या लग्नासाठी घर पाहायला माणसं निघाली, की त्यांच्या पुढे गोवर्धनभाऊ बिसेन असतात. तिरोड्याच्या आसपासच्या निम्म्या सोयरिकी त्यांनीच जुळवल्या आहेत. माझीही त्यांनीच जुळवली, आणि त्याबद्दल मला जे म्हणायचं आहे ते मी अजून कुणाला म्हटलेलं नाही.

गोवर्धनभाऊंचा नियम साधा. तीन घरं पाहायची. एक आपल्यापेक्षा वरचं, एक बरोबरीचं आणि एक असं, की जे नाही म्हणणारच नाही. वरच्या घरी जायचं ते मनाच्या समाधानासाठी. जीव टाकायचा तो बरोबरीच्या घरासाठी, आणि तिसरं हाताशी ठेवायचं. घरी गेल्यावर आधी विहीर पाहायची, मग गोठा, मग पाहुणचार. पसंत पडलं तर समोरच्यानं दिलेला नारळ घ्यायचा. नारळ घेतला की शब्द दिला. आपण घेतलेला नारळ आजवर कधी परत गेला नाही, हे ते कुणी विचारलं नसलं तरी सांगतात.

माझी भाची आचल बी.कॉम. झाली, तिनं एमबीएची सीईटी दिली आणि तिला बरे गुण मिळाले. तिचे वडील, म्हणजे माझा भाऊ रेवाराम, धानाची शेती करतो आणि मोठा निर्णय आला की गोवर्धनभाऊंच्या तोंडाकडे बघतो. पोरीसाठी कॉलेज कोणतं बघावं, हेही त्यानं त्यांनाच विचारलं. मी कपाळावर हात मारून घेतला. एमबीएत काय शिकवतात, असं गोवर्धनभाऊंनी आचलला विचारलं. माणसं आणि कामं सांभाळायला, ती म्हणाली.

"ते त मी कधीचा करून राहिलो," ते म्हणाले, आणि कामाला लागले.

खरं सांगायचं तर त्यांचा तीन घरांचा नियम इथंही बरोबर बसला. आचलच्या मोबाइलमध्ये अर्ध्या देशातल्या नामांकित संस्थांचे फोटो होते. त्यातली एकच ठेव, बाकी आपल्याला मिळतील अशी बघ, असं त्यांनी तिला सांगितलं. शहरात एवढ्या सल्ल्यासाठी लोक सल्लागार गाठतात. पण गोवर्धनभाऊ एवढ्यावर थांबतील तर ते गोवर्धनभाऊ कसले. ते कॉलेजं पाहायला निघाले. बोलेरोत आम्ही खच्चून भरलो. पुढच्या सीटवर ते, खांद्यावर पांढरा दुपट्टा टाकून. आचल अगदी मागच्या आडव्या सीटवर, कारण जिचं ठरवायचं तिनं मागे बसायचं, असा आमच्याकडे रिवाज.

वरच्या संस्थेच्या फाटकावर गार्डनं गाडी आत सोडली नाही. त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. बरोबरीचं म्हणजे नागपुरातलं एक जुनं कॉलेज. तिथं कुणी या म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. पोरं वाचनालयात माना खाली घालून बसली होती. एक प्राध्यापक आमच्यामधून वाट काढत घाईनं वर्गात गेले. कोण कुठं नोकरीला लागलं याचा बोर्ड आचल उभी राहून वाचत होती, आणि तिचा चेहरा इतका खुलला होता की तिथून निघूच नये असं मला वाटलं. या घरात माणुसकी नाही, असा निकाल गोवर्धनभाऊंनी दिला.

तिसरं गोंदियाबाहेरच्या रस्त्यावरचं नवं कॉलेज. तिथं संचालक स्वतः फाटकापर्यंत आले. गुलाबाची फुलं झाली, पोहे झाले, दोनदा चहा झाला. गोवर्धनभाऊंनी विहिरीची चौकशी केली, तर त्यांना बोअरवेल चालू करून दाखवली. आचलनं वाचनालयाची चौकशी केली, तर किल्लीवाला जेवायला गेला होता. संगणकांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. निघताना संचालकांनी शाल आणि नारळ पुढे केला, आणि गोवर्धनभाऊंनी तो दोन्ही हातांनी घेतला. रेवारामच्या हिशेबी पोरीचं कॉलेज ठरलं.

थोड्याच दिवसांत नागपूरच्या जुन्या कॉलेजात आचलचा नंबर लागला. अर्ज तिनं आपला आपण भरला होता. शनिवारपर्यंत प्रवेश पक्का केला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. रेवारामचं एकच म्हणणं, गोवर्धनभाऊंनी नारळ घेतलाय, त्यांचा शब्द मोडून मी गावात तोंड कसं दाखवू. आचलनं त्याला समजावून पाहिलं, मी भांडून पाहिलं. शेवटी शुक्रवारी सकाळी ती उठून थेट गोवर्धनभाऊंच्या अंगणात गेली. तिच्यामागे मी.

"काकाजी, त्या कॉलेजानं मले पसंत नव्हतं करायचं," ती म्हणाली. "पसंत मले करायचं होतं. मले काऊन नाही विचारलं?"

गोवर्धनभाऊ खाटेवर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी हातातली सुपारी तशीच खाली ठेवली. मग आत गेले आणि देवाजवळ ठेवलेला नारळ आणि शाल घेऊन बाहेर आले. सोयरीक मोडायला एकट्यानं जात नाहीत, मुलीकडची बाई सोबत लागते, म्हणून त्यांनी मला चलायला सांगितलं.

रस्ताभर ते काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होते. संचालक चिडले तर काय, माफी मागावी की कारण सांगावं, असं मलाच विचारत होते. मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांची दया आली.

संचालक फाटकावरच भेटले. सालेकशाकडच्या एका शेतकऱ्याला निरोप द्यायला उभे होते. गोवर्धनभाऊंनी नारळ पुढे केला आणि मान खाली घातली. "मोठी चूक झाली जी. आमची आचल..."

"कौन आचल?" संचालकांनी विचारलं. उत्तरासाठी ते थांबले नाहीत. शाल आणि नारळ त्यांनी गोवर्धनभाऊंच्या हातातून घेतला, वळले आणि तसाच त्या शेतकऱ्याच्या पुढे धरला.

शेतकऱ्यानं हात पुढे केलेच होते. गोवर्धनभाऊंनी मध्येच नारळावर आपला पंजा ठेवला.

"थांबा जी," ते म्हणाले. "पोरीले विचारलं का?"

त्याची मुलगी जीपमध्ये मागे बसली होती. तिनं मान वर करून पाहिलं.

माझं लग्न ठरल्याचं मला नारळ घरी आल्यावर कळलं होतं. हा प्रश्न यांना तेव्हा सुचला नाही, याचा मला तिथं उभ्या उभ्या फार राग आला, आणि आज सुचला म्हणून डोळेही भरून आले. परतीच्या वाटेवर गोवर्धनभाऊंनी रेवारामला फोन लावला. पोरीला घेऊन आजच नागपूरला नीघ, म्हणाले, आणि गाडीत तिला पुढच्या सीटवर बसव.