नाचणीच्या शेतातला कापूर

होसकोट्याच्या पुढे नाचणीच्या शेतात आमचा एक खांब आहे. पीक हवेतला कार्बन डायऑक्साइड किती घेतं, पाण्याची वाफ किती सोडतं, शेतातून किती उष्णता वर जाते, हे त्यावरची यंत्रं मोजतात. माणसानं जवळ उभं राहायचं नाही, कारण आपला श्वासही त्यात मोजला जातो. म्हणून डबा घेऊन मी लांब करंजाखाली एकटी बसते. संध्याकाळी जयनगरच्या घरी जाते, तिथेही आता एकटीच.

गेल्या वर्षी खंडेनवमीला अण्णा, म्हणजे माझे वडील, हट्टानं बरोबर आले. आयुधपूजेला इथे रिक्षापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना झेंडूचे हार पडतात. "मग तुझ्या यंत्रानंच काय घोडं मारलंय?" म्हणाले. माझी पाठ वळली आणि त्यांनी खांबाला हळदकुंकू लावलं, कापूर पेटवला, थेट यंत्राखाली आरती ओवाळायला लागले.

"अहो अण्णा, सगळे आकडे बिघडले."

"स्वल्प थांब गं. मरत नाही तुझं यंत्र."

घरी येईपर्यंत मी फणफणत होते. ते मात्र खिडकीबाहेर बघत प्रसादाचे चुरमुरे खात होते.

या आषाढात अण्णा गेले. श्रावणात मागचे आकडे साफ करायचं काम माझ्याकडे आलं. नवमीची सकाळ उघडली, तर सरळ चाललेली रेघ एकदम वर उडालेली. कापूर, आणि आरती म्हणणारे अण्णा. त्यांचा आवाज मी कधी रेकॉर्ड केला नाही, फोटोतले ते गप्पच असतात. त्यांच्या श्वासाची एवढीच खूण उरली होती. आणि माणूस जवळ आला की तो अर्धा तास बाद, हा नियम नव्या पोरांना मीच शिकवते.

डोकं धरून बसले. पण अण्णांचा श्वास नाचणीच्या नावावर खपवणं काही जमेना. पुसला. मूळ फाइल राहते म्हणा, पण ती कोण उघडतंय! मग बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

यंदाच्या नवमीला एकटीच गेले. खांबाशी उभी राहून कापूर ओवाळला. अण्णांची आरती मला अर्धीच येते, तेवढी मोठ्यानं म्हटली. चुरमुरे उगाच दोघांचे नेले होते.

पुढच्या वर्षी हा अर्धा तासही मलाच पुसायचा आहे.