बादलीत तपासलेला रेग्युलेटर

मला पोहता येत नाही, आणि तरीही माझ्या मुलीचा पाण्याखाली श्वास घ्यायचा रेग्युलेटर मी आमच्या डायनिंग टेबलवर उघडला.

आमच्या डोंबिवलीत रेग्युलेटर म्हटलं की लोक पंख्याकडे बघतात, म्हणून आधी सांगून टाकतो. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा प्रचंड दाबाने कोंबलेली असते. तिचा दाब कमी करून, मागाल तेवढीच हवा तोंडात सोडायचं काम हा रेग्युलेटर करतो. एक पितळी ठोकळा, एक नळी, आणि दातांत धरायची एक डबी. आमची सई आठवडाभर घोडबंदर रोडवरच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसते आणि सुट्टी मिळाली की मालवणला जाऊन समुद्राच्या तळाशी बसते. त्या रविवारी तिथे तिची परीक्षा होती. पास झाली तर नवशिक्यांना घेऊन पाण्यात उतरायची परवानगी मिळणार होती, आणि त्यासाठी ती फार दिवस झटत होती. नेमका तेव्हाच रेग्युलेटर फुसफुसायला लागला.

"सर्व्हिसिंगला टाकते," सई म्हणाली. "साडेसहा हजार घेतात, पण काम चोख असतं."

"साडेसहा हजार? चार रबरी रिंगा बदलायचे?"

"बाबा, नको. प्लीज."

आता माझी बाजू ऐका. मी उभी हयात एमआयडीसीतल्या कारखान्यात मेंटेनन्सला काढत आलोय. घरातला मिक्सर, गिझर, कुकर, कशालाच मी परक्याचा हात लागू दिलेला नाही. (मिक्सर आता फक्त एकाच स्पीडवर चालतो, पण चालतो.) आणि खरं सांगायचं तर प्रश्न पैशांचा नव्हताच. एकुलती एक पोर साठ फूट पाण्याखाली या नळीवर जगते. ती नळी कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या हातात द्यायची, हे मला मान्यच नव्हतं. सई शेवटी हो म्हणाली. बापाचं मन मोडवेना तिला, दुसरं काय.

मग मी हत्यारं मागवली. रिंगांचा सेट, खास पाने, दाब मोजायचं घड्याळ, सिलिकॉनचं ग्रीस, आणि रिंगा उचकटायचा पितळी आकडा. हा आकडा पितळीच लागतो, लोखंडी चालत नाही, ओरखडा उठतो. सगळं मिळून अकरा हजार झाले.

"म्हणजे साडेचार हजार जास्त घालवून आपण साडेसहा हजार वाचवले," माझी बायको वृंदा म्हणाली.

"हत्यारं कायमची घरात राहतात," मी म्हणालो.

"तीच तर भीती आहे," ती म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

शुक्रवारी मी रजा टाकली. सई संध्याकाळच्या बसने निघणार होती. दाब तपासायला भरलेला सिलिंडर लागतो, म्हणून तिने सकाळी तिच्या क्लबातून एक आणून ठेवला आणि ती ऑफिसला गेली. तो पिवळाधमक सिलिंडर रिक्षातून उतरताना आणि लिफ्टमध्ये चढताना अख्ख्या सोसायटीने पाहिला. सिलिंडर, नळी आणि तोंडाला लावायची डबी आमच्या घरात शिरली, आणि त्याच दिवशी मी कामावर गेलो नाही. त्यावरून लोकांनी जो अर्थ काढायचा तो काढला.

मी मात्र कामात गर्क. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं, त्यावर तीन वाट्या, प्रत्येक वाटीत क्रमाने काळ्या रिंगा आणि रबरी चकत्या. इतकं शिस्तीत काम मी कारखान्यातही केलं नव्हतं. मी ठोकळा धुवायला मोरीत गेलो आणि बेल वाजली.

आमच्या घरी बेल वाजल्यापासून दार उघडेपर्यंत टेबल रिकामं होतं. तो वृंदाच्या माहेरचा संस्कार आहे. पाहुण्यांना पसारा दिसता कामा नये, मग आत काहीही होवो. तिने तिन्ही वाट्या उचलल्या आणि घरातलं प्रत्येक रबर जिथे जातं तिथे, म्हणजे स्वयंपाकघरातल्या रबरांच्या डब्यात, उपड्या केल्या. त्या डब्यात दुधाच्या पिशव्यांची रबरं आहेत, नळाचे वॉशर आहेत, आणि आमचं लग्न झाल्यापासून घरात आलेल्या प्रत्येक बाटलीच्या झाकणातली चकती आहे.

दारात तिसऱ्या मजल्यावरच्या लेले काकू होत्या, हातात शहाळं घेऊन.

"कशी आहे तब्येत? आम्हाला कळवलंही नाहीत," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

"मला काही झालेलं नाही काकू."

"असंच म्हणायचं. धीर सोडायचा नाही." त्या सोफ्यावर बसल्या, म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती.

मागोमाग तळमजल्यावरचे म्हात्रे आले. आमची इमारत त्यांच्याच शेतावर उभी आहे, त्यामुळे इथल्या प्रत्येकाचं बरंवाईट ते स्वतःची जबाबदारी समजतात. "काय झाला भाऊ? आमाला सांगाचा ना, गारी कारली असती हॉस्पिटलला जावाला." सोबत सफरचंदांची पिशवी.

मी दोघांना सगळं समजावून सांगितलं. पाणबुडे, समुद्र, दाब. काकूंनी वृंदाकडे पाहून मान हलवली. माणूस बरळतोय, असा तो अर्थ होता.

मग मी डबा घेऊन बसलो. माणसाला एकदा रबर ओळखता आलं की कुठेही ओळखता येतं, अशी माझी समजूत होती. एकेक रिंग बोटावर घेऊन, डोळा बारीक करून, मी सगळं जोडलं. डबीच्या तळाशी एक पातळ चकती असते, उच्छ्वास बाहेर सोडायला. तीसुद्धा सापडली. जरा जाड वाटली, पण नवीन माल जाडच असतो. सिलिंडरला रेग्युलेटर लावला आणि व्हॉल्व्ह उघडला. फुसफुस पूर्ण बंद! डबी दातांत धरून श्वास घेतला, तर इतका हलका की काही विचारू नका.

मी बोलायला ती काढली.

"काढू नका, काढू नका," लेले काकू कळवळून म्हणाल्या. "लावून ठेवा. बरं वाटेल."

मी ती पुन्हा दातांत धरली, तेवढ्यात सई आली. घरात दोन पाहुणे, टेबलावर सफरचंदं, आणि तोंडाला नळी लावलेला बाप. ती थेट टेबलापाशी आली. नुसती म्हणाली, "झालं?"

"फर्स्ट क्लास झालं. जा घेऊन."

"आधी तू."

"म्हणजे?"

"बाथरूममध्ये बादली भरते. डोकं घाल आणि श्वास घे."

पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणणार? मी बादलीपुढे गुडघे टेकले. सिलिंडर शेजारी, मागे वृंदा, तिच्या मागे काकू आणि म्हात्रे, सगळे गंभीर. डोकं बुडवलं, श्वास ओढला, आणि हवेऐवजी अर्धी बादली पाणी छातीत गेलं. मी वर आलो तो खोकत, डोळे पांढरे करत. म्हात्र्यांनी पाठीत असे दणके घातले की उरलंसुरलं पाणीही निघालं. काकूंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं. आजारी माणूस अखेर त्यांना बघायला मिळाला होता.

सईने डबी उघडली. "ही चकती इथली नाही बाबा. कुठल्या तरी झाकणाची आहे. बसतच नाही नीट. हलका श्वास येत होता ना? तू सिलिंडरमधली हवा घेतच नव्हतास. फटीतून डोंबिवलीची घेत होतास." मग ती हळूच म्हणाली, "साठ फुटांवर तिथून समुद्र आला असता."

मी पंच्याने डोकं पुसत राहिलो. जिच्या श्वासाला परक्याचा हात लागू नये म्हणून मी एवढा आटापिटा केला, तिच्याच तोंडात मी बाटलीचं झाकण देणार होतो.

सईने मालवणला फोन करून तिथला भाड्याचा रेग्युलेटर ठरवला. सवयीचा नसला तर नसला. सॅक पाठीला लावून ती दारात आली तेव्हा मला एकच शब्द सुचला.

"जपून."

"तू दुरुस्त केलेला नेत नाहीये ना, मग जपूनच आहे," ती म्हणाली आणि मला घट्ट मिठी मारून गेली.

रविवारी दुपारी तिचा फोन आला, पास झाली म्हणून. सकाळभर ती समुद्राच्या तळाशी होती आणि मी घरी अगदी निर्धास्त पेपर वाचत बसलो होतो. ती समुद्रात माझ्यापासून सुरक्षित होती.