पुरुषांच्या मजल्यावरचा पिवळा कुर्ता

माझ्या पुतणीने तिच्या हळदीसाठी घरातल्या सगळ्या बायकांना एकसारखे पिवळे कुर्ते मागवले. मागवताना तिने माझं माप विचारलं नाही, पण त्यात राग मानण्यासारखं काही नव्हतं. तिने कोणाचंच विचारलं नव्हतं. कुर्ते फ्री साईज होते.

फ्री साईज म्हणजे सगळ्यांना होणारं, असं पुतणी म्हणाली. सगळ्यांना म्हणजे कोणाकोणाला, हे दूर कुठल्यातरी कारखान्यात बसून एखाद्या माणसाने ठरवलेलं असणार. त्या माणसाला आत्या, मावशी, सासू असं कोणी नसावं. असलंच तर तो त्यांच्याकडे नीट बघत नसावा.

खामगावपासून थोड्या अंतरावर आमचं गाव आहे. तिथे माझं आणि माझ्या नवऱ्याचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. धाकटे दीर आणि जाऊ शेती बघतात, घर एकच. ही पुतणी त्या दोघांची मुलगी. ती मला मोठ्याई म्हणते आणि माझ्याच मांडीवर वाढली. कुर्त्यांचं पार्सल आलं तेव्हा सगळ्या बायका माजघरात जमल्या आणि एकेकीने घालून बघायला सुरुवात केली. माझी पाळी आली. हात बाह्यांत गेले, डोकं गळ्यातून बाहेर आलं, कुर्ता खांद्यांपर्यंत उतरला आणि तिथे त्याने बसकण मारली. मी खाली ओढला, जावेने खाली ओढला. कुठूनतरी दोरा तुटल्याचा आवाज आला तेव्हा आम्ही दोघींनी हात सोडले.

पुतणीचा चेहरा उतरला. ती जवळ येऊन म्हणाली, "मोठ्याई, तू पिवळा दुपट्टा घेशील का? साडीवर घेतला तरी मॅचिंगच दिसन."

तिने हे मायेने म्हटलं होतं, म्हणून जास्त लागलं. दुपट्टा हे जाड बाईला मिळणारं उत्तेजनार्थ बक्षीस आहे. लग्नकार्यात ते मला याआधीही मिळालेलं होतं.

"मी कुर्ताच घालीन," मी म्हटलं.

अंगाने मी लहानपणापासूनच भरलेली. माझं माहेर मोताळा तालुक्यातलं. तिथे घरच्या शेतात मी वांग्याची भरलेली क्रेट एकटी उचलून बांधावर ठेवायची, त्यामुळे मला कोणी जाड म्हटलं नाही, धडधाकट म्हटलं. लग्नानंतर साडीने सांभाळून घेतलं. साडी नेसणाऱ्या बाईला माप विचारत नाही आणि ब्लाऊज गावातच शिवून होतो. त्यामुळे तयार कपड्यांच्या जगात माझ्यासारखीला काय जागा आहे, हे मला बरीच वर्षं माहीतच नव्हतं. ते त्या आठवड्यात खामगावात कळलं.

नवऱ्याला दुकानाचा माल आणायचा होता. त्याने जावेला आणि मला बाजारात सोडलं आणि काम झालं की घ्यायला येतो म्हणाला.

पहिलं दुकान काचेचं होतं. आत थंडगार हवा, चकचकीत फरशी. विक्रीला उभ्या असलेल्या मुलीने माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "आंटी, तुमच्या साईजमध्ये नाही येत."

"काय नाही येत?" मी विचारलं. मी रुमाल घ्यायला आले असेन, तिला काय माहीत.

तिने जरा विचार केला. "काहीच नाही येत," ती म्हणाली.

आमच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की आम्ही विचारतो, जमीन किती, पाणी आहे का, काय पेरायचं आहे. शेतकऱ्याच्या अंगाकडे बघून, भाऊ, तुमच्यालायक बियाणं निघत नाही, असं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर दुकानाला कधीच कुलूप लागलं असतं. पण कापडाच्या धंद्यात हे चालतं असं दिसलं.

दुसऱ्या दुकानाचे मालक वयस्कर होते आणि बोलायला गोड. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि माझ्यापुढे एक काळा, एक गडद निळा आणि एक कॉफी रंगाचा कुर्ता ठेवला.

"पिवळा पाह्यजे," जाऊ म्हणाली. "हळदीसाठी."

"पिवळ्यात मानूस फुगीर दिसते, ताई," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "डार्कमध्ये बारीक दिसान."

"हळदीत काळा घालू का?" मी विचारलं.

त्यांच्याकडे पिवळा कपडा नव्हता. उपाय मात्र होता. त्यांनी सकाळी उपाशीपोटी गरम पाणी घ्यायला सांगितलं, भात सोडायला सांगितलं, आणि गल्ल्याच्या खणातून एक कार्ड काढून दिलं. त्यांच्या सूनबाई वजन उतरवायची पावडर विकत होत्या. ती पावडर घेत राहिले तर वर्षभरात मला त्यांच्याच दुकानातला कुर्ता होईल, असं त्यांनी आपुलकीने सांगितलं. पुतणीची हळद तोवर थांबणार नव्हती. मी कार्ड पर्समध्ये टाकलं, कारण ते परत करायलाही अंगात जोर लागतो आणि तो मी पुढच्या दुकानासाठी राखून ठेवला होता.

तिसरं दुकान तीन मजली होतं. खाली साड्या, पहिल्या मजल्यावर लेडीज, त्याच्यावर जेन्ट्स. इथे मात्र पिवळा कुर्ता मिळाला आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरांत डबल एक्सएल लिहिलेलं होतं. ही अक्षरं मी तोवर प्रामाणिक समजत होते. ट्रायल रूम म्हणजे आरसा लावलेलं उभं कपाट होतं. मी आत गेले, कुर्ता डोक्यावरून घेतला, हात वर केले आणि कुर्ता छातीपाशी घट्ट बसला. खाली जाईना, वर निघेना. चेहरा कापडात आणि दोन्ही हात छताकडे.

"झालं का?" बाहेरून जाऊ म्हणाली.

"अडकलं," मी म्हटलं.

ती आत आली. आम्ही दोघी त्या कपाटात मावत नव्हतो, म्हणून दार उघडं राहिलं आणि दुकानातल्या बाईने एक चादर आडवी धरली. चादरीपलीकडून ती सांगत होती, "मॅडम, जरा सांभाळून. फाटला तं घ्यावा लागते."

माझी जाऊ अत्यंत कमी बोलणारी बाई आहे. इतक्या वर्षांत तिने कोणाला उलटून बोललेलं मी ऐकलं नव्हतं. ती कुर्ता ओढता ओढता शांतपणे म्हणाली, "आधी बाई तं निघू द्या. मंग कपड्याचं पाहू."

मला आत हसू आलं. हसता हसता त्याचं कधी रडू झालं ते कळलं नाही. त्या पिवळ्या अंधारात नाक-तोंड कापडाने झाकलेलं, बाहेर दोन बाया माझ्यासाठी खोळंबलेल्या, आणि मी पन्नाशीच्या उंबरठ्यावरची बाई लहान पोरीसारखी मुसमुसत होते. जावेला ते कळलं. तिने ओढणं थांबवलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला. मग तिने कुर्ता खालून गुंडाळत गुंडाळत वर आणला आणि मी सुटले. कुर्ता शाबूत होता. त्या बाईने तो उजेडात धरून सगळ्या शिवणी तपासल्या.

मला पाणी हवं होतं. पाण्याचा कूलर वरच्या मजल्यावर, जेन्ट्समध्ये होता. आम्ही जिना चढून गेलो आणि मी ग्लास हातात घेऊन तशीच उभी राहिले.

समोर एक अख्खी भिंत कुर्त्यांची होती आणि वर पाटी होती, 'भारदस्त व्यक्तिमत्त्वासाठी'. थ्री एक्सएल, फोर एक्सएल, फाइव्ह एक्सएल. पांढरे, राणी, मोरपंखी आणि पिवळेसुद्धा. कपडे घातलेल्या एका पुतळ्याला चक्क पोट होतं, आणि त्या पोटावरून कुर्ता काय छान उतरला होता. पुरुष जाड झाला की त्याचं व्यक्तिमत्त्व होतं आणि त्याला भिंत मिळते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी एक पिवळा कुर्ता काढून पाहिला. मऊ सुती कापड, लांब बाह्या, दोन्ही बाजूंना खिसे. विक्रेता लगबगीने आला.

"साहेबांले आनलं का, मॅडम? माप पाहून घेऊ."

तेवढ्यात माझा नवरा आम्हाला शोधत वर आला. माझा नवरा पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काडीसारखा आहे. विक्रेत्याने कुर्ता त्याच्या अंगाला लावून पाहिला. त्यात तो दोनदा मावला असता.

"साहेब, तुम्हाले तं मिडीयम लागते," तो म्हणाला.

नवऱ्याने कुर्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे लाल होते. तो म्हणाला, "मले ढिला आवडते."

"येवढा?"

"हाव. हवा खेळते."

तो दुकानात उभा राहून माझ्यासाठी असं खोटं बोलत होता. मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "त्यांच्यासाठी नाई. मले पाह्यजे."

विक्रेता गोंधळला. "हा जेन्ट्स हाये, मॅडम. याची बटनं उलट्या बाजूनं असतात."

"लावायची मलेच हायेत," मी म्हटलं.

जेन्ट्सच्या ट्रायल रूममध्ये बसायला स्टूल होतं आणि दोन खुंट्या होत्या. हात पसरले तरी भिंतीला लागत नव्हते. कुर्ता डोक्यावरून घेतला आणि तो खांद्यांवरून, छातीवरून, पोटावरून सरळ गुडघ्यापर्यंत गेला. मी त्या स्टुलावर जरा वेळ नुसती बसून राहिले.

हळदीच्या दिवशी फ्री साईजने आपलं काम केलं. पुतणीची एक सडपातळ मैत्रीण त्यात दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसत होती. जावेची बाही काखेत उसवली, म्हणून ती हात वर न करता हळद लावत होती. माझ्या खिशात तीन-चार बायकांचे मोबाइल आणि घराच्या किल्ल्या होत्या, कारण खिसे फक्त मलाच होते.

पुतणीचा मामा, म्हणजे जावेचा भाऊ, अंगाने माझ्याहून मोठा. योगायोग असा की त्याच्या अंगावर त्याच भिंतीवरचा तसाच कुर्ता होता, माझ्यापेक्षा एक एक्स जास्त. भावकीतल्या म्हाताऱ्या एका ओळीत बसल्या होत्या. मामा समोरून गेला तेव्हा त्यातली एक म्हणाली, "कसा शोभून दिसते, रुबाबदार." मागोमाग मी गेले. तीच म्हातारी मला म्हणाली, "जरा फिराले जात जाय वं, बाई."

मी तिला चहा दिला आणि पुढे गेले. मामाने ऐकलं होतं. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, मी तं दाराबाहेर बी फिरत नाई. मले कोनी काई म्हनत नाई." त्याला खरंच आश्चर्य वाटत होतं.

लग्न पार पडलं, पुतणी सासरी गेली. काही दिवसांनी फोटोग्राफर अल्बम घेऊन घरी आला. जाऊ, नवरा आणि मी बघायला बसलो. हळदीच्या पानावर माझ्या नवऱ्याच्या शेजारी एक कमनीय बाई उभी होती. पिवळा कुर्ता, माझा चेहरा, पण खाली गळ्यापासून भलतंच कोणीतरी. तिच्या कमरेपाशी मांडवाचा खांब धनुष्यासारखा आत वाकला होता आणि तिच्या बाजूचा नवऱ्याचा खांदा गायब होता. त्याला खांदे मुळातच बेताचे.

"काकू, तुमचं एडिटिंग फ्रीमध्ये केलं," फोटोग्राफर अभिमानाने म्हणाला.

मी पान उलटलं. पुढच्या फोटोत मामा होता, आहे तसा, पूर्ण.

"यांचं काऊन नाई केलं?"

"ते जेन्ट्स हायेत," तो म्हणाला. "लेडीज लोक तं स्वतः सांगून करून घेतात, काकू."

"मी सांगतलं व्हतं का?"

तो अल्बमचं कव्हर पुसायला लागला. खरं सांगायचं तर मी लगेच तसं म्हटलं नव्हतं. त्या बाईकडे मी आधी बराच वेळ बघितलं. तिला पहिल्या दुकानात कोणी हटकलं नसतं, तिला सगळ्या ट्रायल रूम पुरल्या असत्या. पण हळदीच्या दिवशी ती तिथे नव्हती. पाहुण्यांना चहा मी दिला होता, किल्ल्या मी सांभाळल्या होत्या. ती कुठून आली आणि माझ्या नवऱ्याला चिकटून का उभी राहिली, हे काही मला पटेना.

"जसा काढला तसा लाव," मी त्याला सांगितलं. तो नाराज झाला, पण पान बदलून आणायला तयार झाला.

नवं पान आलं तेव्हा नवरा दुकानातच होता. त्याने चष्मा लावून फोटो नीट बघितला. माझं पोट होतं, दुहेरी हनुवटी होती, खिसे मोबाइलने फुगलेले होते.

"बरं झालं," तो म्हणाला. "माहा खांदा वापस आला." आणि तो युरियाची पोती मोजायला आत गेला.