फिल्मसाठी थंड पाणी

थोरल्या पोरीला मसणात पोचवून माणसं परतली, तेव्हा धाकटी त्याच गोवराच्या तापात फणफणत होती. मी माठातल्या पाण्याच्या पट्ट्या तिच्या कपाळावर ठेवत होते. तेवढ्यात समोरचा भाडेकरू बादली घेऊन दारात आला. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. न्हाणीघराच्या खिडकीला गोधडी लावून तो हौसेनं घरीच फोटो धुवायचा. औषधानं तपकिरी झालेली बोटं सारखी सदऱ्याला पुसायचा.

थोरलीचा एकच फोटो होता. तो त्यानंच गच्चीवर काढलेला, आणि अजून कॅमेऱ्यातच होता. मे महिन्यात नागपुरात नळाला कढत पाणी येतं. त्यात फिल्म खराब होते, म्हणून त्याला माठाचं पाणी हवं होतं.

माझी जाऊ म्हणाली, "सुतकाच्या घरचं पाणी काहून नेता जी?"

"फिल्मले सुतक समजत नाही, वहिनी."

मी सरळ सांगितलं, "थोडंच उरलं हाय. पोरीले लागते."

त्यानं बादली खाली ठेवली. "मंग पोरीलेच द्या, बाई. फोटो थांबते."

मग उंबऱ्यावर बसून तो दिवस मावळेपर्यंत पट्ट्या पिळून माझ्या हातात देत राहिला. सांत्वनाचा एक शब्द बोलला नाही, म्हणूनच तो लक्षात राहिला.

दुसऱ्या दिवशी माठ भरल्यावर त्यानं पाणी नेलं. फोटोत थोरली हललेली आहे, चेहरा पुसट आहे. पण ती आहे.

धाकटी जगली.