नको म्हणजे किती नको

"आक्का, आत गेल्यावर वास घेत हिंडू नकोस. लोक बघत्यात," भावानं गाडी लावतालावताच मला दम भरला.

"वास घ्यायलाच आलेय मी. तू फरश्या बघ," म्हटलं आणि पदर खोचून खाली उतरले.

आईचा खुबा मोडला होता. विट्याच्या घरी न्हाणीत पाय घसरला. कराडला ऑपरेशन झालं, तेही चांगलं झालं, पण डॉक्टरांनी आम्हा दोघा भावंडांना समोर बसवून सांगितलं, हिला पुढचे काही महिने उठवायला-बसवायला, चालवायला, पाठीला जखमा होत नाहीत ना बघायला शिकलेलं माणूस लागेल, रात्रंदिवस. मी कराडातच राहते, पण माझ्याच कमरेला पट्टा. भाऊ तमिळनाडूत गलाईच्या धंद्यात, म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं. आमच्या विट्याची निम्मी माणसं ह्याच धंद्यापायी देशभर पांगलीत. तो आईला घेऊन जायला तयार होता, पण दुकानावरच्या खोलीला जिना असा की धडधाकट माणसानंही देवाचं नाव घेऊन चढावा.

तेव्हा ठरलं की म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेऊन त्यांचं सगळं करणारी जी केंद्रं हल्ली निघालीत, त्यातलं एक चांगलंसं बघायचं. आईला विचारलं. ती म्हणाली, "मला कुठंबी ठेवा. माझं काय न्हाई."

ह्या 'माझं काय न्हाई'चीच मला धास्ती. आमची आई आयुष्यात कधी मागून जेवली नाही. घोटभर पाणी मागायचं तरी समोरच्याला त्रास नको म्हणून तहान मारणारी बाई. तिला चुकीच्या माणसांत ठेवलं तर ती गप उपाशी राहणार, झुरणार आणि फोनवर आम्हाला सांगणार, "बरं हाय." आम्हाला कळेल तेव्हा उशीर झालेला असेल. म्हणून ती जिथं पोटभर जेवेल अशी जागा मला शोधायची होती. बाकी फरश्या गेल्या खड्ड्यात!

पण खरं सांगते, धास्ती होती तेवढाच चेवही चढला होता. लग्नाची स्थळं बघायला निघाल्यासारखी मी निघाले होते. नवऱ्यामुलाकडची खोट काढायला मला पहिल्यापासून आवडतं.

पहिलं केंद्र साताऱ्याजवळ, हायवेच्या आतल्या अंगाला. दारात कारंजं. मॅनेजर कोट घालून. भाऊ फरश्या बघून गारच झाला. मी संडासांची दारं उघडून बघितली. स्वच्छ होते, नाव ठेवायला जागा नव्हती, आणि मला उगाच राग आला. मग मी म्हाताऱ्यांची नखं बघितली. नखं सगळं सांगतात. टीव्हीपुढं रांगेनं बसवलेल्या चौघी आजींपैकी दोघींची नखं वाढलेली. तेवढ्यावरून नाही म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून म्हटलं, "जेवणाची वेळ झालीच आहे, आम्ही बघत उभे राहतो."

मॅनेजर म्हणाला, "अवश्य!"

युनिफॉर्ममधली एक मुलगी ढकलगाडी घेऊन आली. गोड पोरगी, हसरी. "काका, चपाती?" काका म्हणाले, "नको." गाडी पुढं. "आजी, भाजी?" "नको गं." गाडी पुढं. सुळकन रांग संपली. मॅनेजर मला अभिमानानं म्हणाला, "आम्ही कुणावर जबरदस्ती करत नाही. प्रत्येकाच्या इच्छेचा मान राखतो."

मी त्या काकांकडं बघत होते. पटका बांधलेला शेतकरी गडी. त्यांचे डोळे त्या गाडीबरोबर पार दारापर्यंत गेले. मग त्यांनी ताटातलं उरलेलं भाताचं शीत बोटानं गोळा केलं.

मी भावाचा दंड असा धरला की तो कळवळला. "सापडलं!" मी म्हटलं. "आरं, सापडलं!"

"काय सापडलं?"

"चल भाईर, सांगते."

बाहेर तो म्हणे, "आगं, पण ते नको म्हणाले की. तिनं काय कोंबायचं होतं का?"

"शाण्या, सोन्याचा कस लावतोस आणि माणूस कळंना व्हय? आपल्याकडं नको म्हंजे काय असतं?"

त्याला कळायला वेळ लागला. तमिळ मुलखात राहून बिघडलाय तो. आमच्याकडं ताटावर बसलेल्या माणसानं पहिल्यांदा नको म्हणायचं ते रीत म्हणून. लगेच हो म्हटलं तर हावरट दिसतं. दुसऱ्यांदा नको म्हणायचं ते ताटावर हात धरून, पण बोटं फाकलेली ठेवून. आणि तिसऱ्यांदा, "बास, बास, आगं किती वाढतीस," असं म्हणेस्तोवर भाकरी ताटात पडलेली असते. मग ती पोटभर खायची आणि उठताना "लय झालं" म्हणायचं. वाढणाराही तसाच. एका नकोवर जो पुढं गेला त्याच्या दारात पुन्हा कुणी जेवायला जात नाही.

ह्याच पायी आमचे वडील मिलिटरीत भरती झाल्या झाल्या उपाशी राहिले होते. लंगरमध्ये वाढणारा उत्तरेकडचा. त्यानं विचारलं, "रोटी?" वडील मानानं म्हणाले, "नहीं, नहीं." तो पुढं गेला. वडील त्याच्या परत येण्याची वाट बघत बसले! रोज हेच. शेवटी बाजूच्या कुंडलच्या गड्यानं कानात सांगितलं, "गड्या, हितं एकदाच इचारत्यात. पयल्या झटक्यात व्हय म्हण, न्हायतर मरशील." ही गोष्ट सांगताना वडील हसून हसून खोकायचे.

"वडील तरणे होते, शिकले," मी भावाला म्हटलं. "आई ह्या वयात शिकंल?"

त्यानं खिशातनं किल्ली काढली. मग म्हणाला, "न्हाई शिकायची." आणि स्वतःच गाडी चालू केली.

आता आमच्या हाती परीक्षा लागली होती. मला तर असं झालेलं की कधी एकदा पुढचं केंद्र गाठतेय! दुसरं सांगलीत. इथं उलटा मामला. एका आजीपुढं बसलेली बाई त्यांच्या तोंडात चमचा घालत होती, पहिला घास गिळायच्या आत दुसरा. "आ करा बाळ, आ! शहाणं बाळ कोण?" आजींच्या डोळ्यांत पाणी. त्यांनी मान फिरवली तर बाईनं हनुवटी धरून परत आपल्याकडं वळवली.

माझ्या टाळक्यात तिडीक गेली. "अहो बाई, बाळ कुणाला म्हणता? तुमच्या आईच्या वयाच्या आहेत त्या. गिळू तर द्या!"

"ताई, नाहीतर त्या खात नाहीत."

"असं भरवलं तर मीही खाणार नाही!"

त्यांच्या मॅनेजरबाई आल्या, माझा आवाज चढला, त्यांचा चढला. भावानं मला जवळजवळ ओढतच बाहेर काढलं. "आक्का, आपण बघायला आलोय का भांडायला?"

"दोन्हीला," मी म्हटलं. गाडीत बसल्यावर हिशेब केला. पहिल्या ठिकाणी आईनं उपाशी राहायचं आणि दुसऱ्या ठिकाणी कोंबून घ्यायचं, एवढंच काय ते हाती लागलं होतं.

तिसरं केंद्र कुंडलच्या अलीकडं, उसाच्या रानातून आत. बोर्डावरचा रंग उडालेला. घर बैठं, भिंतीला एका जागी ओल, पंखा कुरकुरणारा. भावाचं तोंड उतरलं. चालवणाऱ्या बाई आधी मोठ्या हॉस्पिटलात नर्स होत्या. दारातच कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "फोन करून यायचं असतं."

"फोन करून आलं की सगळीकडं झाडलेलं असतं," मी म्हटलं.

"मग या. पण चपला भाईर काढा, आन् झोपलेल्यांना उठवू नका."

माणूस पटलं मला! नखं बघितली, कापलेली. एका अंथरुणाला खिळलेल्या मावशींना त्यांनी आधी विचारलं, "ह्या ताईंना पाठ दाखवू का?" मावशी हो म्हणाल्या, तेव्हाच कुशीवर वळवलं. पाठ स्वच्छ, पावडर लावलेली, एक ओरखडा नाही. तेवढ्यात मागं कुणाची तरी घंटी वाजली आणि आम्हाला अर्ध्या वाक्यात टाकून बाई तिकडं गेल्या. मला एवढं बरं वाटलं की काय सांगू.

आणि मग जेवण. मी आणि भाऊ भिंतीला टेकून उभे. बाई भाकरीची दुरडी घेऊन एका आबांपुढं आल्या.

"आबा, भाकरी?"

"नको."

बाई जागच्या हलल्या नाहीत. हातात भाकरी धरून म्हणाल्या, "तुमच्या उसाला तोड आली का वो?"

"आली की. परवा मुलगा सांगत हुता."

"मग घ्या की आनंदानं."

"नको म्हटलं की," आबांनी ताटावर हात धरला. बोटं फाकलेली.

"अर्धी?"

"लय हट्टी हायस. टाक चतकोर." बाईंनी अर्धी टाकली. आबांनी आमटीची वाटी जवळ ओढून ती कुस्करायला घेतली.

भावानं ह्या खेपेला माझा दंड धरला. पण मी म्हटलं, थांब, अजून बघू. पुढच्या आजी "नको गं" म्हणाल्या. त्यांचाही हात ताटावर, पण पालथा, मिटलेला. बाई तिथं मात्र खाली वाकल्या, त्यांच्या पोटाला हात लावला, दुरडी बाजूला ठेवली आणि थोड्या वेळानं हिंग घातलेलं ताक घेऊन आल्या. "सकाळपासनं पोट धरलंय त्यांचं," जाताजाता मला म्हणाल्या.

मला राहवेना. "बाई, हे कुठं शिकलात?"

"हे म्हंजे काय?"

"आग्रह कुणाला करायचा आन् कुणाला न्हाई ते."

मला वेड लागल्यासारखं त्या माझ्याकडं बघायला लागल्या. "त्यात काय शिकायचंय? पावणा उपाशी उठला तर माझी सासू मला जेवू देत नव्हती!"

आम्ही तिघंही हसलो. भाऊ बाहेर येऊन म्हणाला, "पंखा तेवढा आपुन बदलून देऊ," म्हणजे त्याचंही ठरलं होतं.

आईला तिथं ठेवलं. निघताना ती रडली नाही, म्हणाली, "जावा तुमी, माझं काय न्हाई." भाऊ दुकानावर गेला. मी रोज फोन करायची. "जेवलीस का?" "व्हय." "पोटभर?" "व्हय गं, बरं हाय." ह्या उत्तराला काय अर्थ! घरी असतानाही हेच उत्तर असायचं. मग मी बाईंना विचारायची. त्या म्हणायच्या, "अजून पावण्यावानी खात्यात. दोनदा वाढू देत्यात, तिसऱ्यांदा खरंच हात मिटत्यात. बघू, घाई करू नका." बाईंनी खोटं 'मस्त जेवतात' सांगितलं नाही हे चांगलंच होतं, पण माझ्या घशाखाली घास उतरेना. आई वाळली होती. वॉकर धरून चालायची तर अंगात ताकद हवी, आणि ताकद कुठून येणार?

एक दिवस कुणाला न सांगता एसटीनं गेले. बरोबर जेवणाच्या वक्ताला.

व्हरांड्यात पाय ठेवला आणि आतून आईचा आवाज आला. मोठा, चढलेला. आई कधी आवाज चढवत नाही. पडली की काय? कुणी काय बोललं की काय? चप्पल तशीच पायात ठेवून धावले आणि दारातून बघितलं.

आई टेबलापाशी बसलेली. वॉकर बाजूला लावलेला. ताट पुढं ओढलेलं. आणि तिकडं पातेल्यापाशी उभ्या असलेल्या बाईंना ती म्हणत होती, "आगं ए! कवाची बसलीया मी. आण की हिकडं. भूक लागलीया मला!"

"आणते की, जरा दम धरा," बाई तितक्याच जोरात म्हणाल्या.

मी दाराची चौकट धरली. भूक लागलीया मला. हे शब्द आईच्या तोंडून मी जन्मात ऐकले नव्हते. आमच्या घरात ती आल्यागेल्याला आग्रह करकरून वाढायची, आम्हाला वाढायची, वडिलांना वाढायची, आणि सगळे हात धुवून गेले की एकटी बसायची. तिला आग्रह करायला मागं कुणी उरायचंच नाही. नको म्हणायचं तरी कुणाला?

मी आत गेले नाही. पायरीवर बसले आणि भावाला फोन लावला. मागं भट्टीचा आवाज येत होता.

"काय गं आक्का? आई बरी हाय न्हवं?"

"आरं, आईला भूक लागलीया!"

"म्हंजे? जेवायला देत न्हाईत का काय?"

"तसं न्हवं रं! तिनं सांगितलं. मागितलं तिनं, वरडून मागितलं! भूक लागलीया मला म्हणाली!"

मग भट्टीचा आवाज बंद झाला, त्यानंच बंद केली असणार. नाक ओढल्याचं मला ऐकू आलं.

"आक्का," तो म्हणाला, "फोन आत ने. मला बी ऐकू दे."